मुल्लाणी बाईंचा खोकला

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याची माफी असावी. मुल्लाणी बाईंच्या निरोपाला साताऱ्यात साऱ्या सरपंच बायका बोलल्या. माझ्याकडे माईक आला तेव्हा मी नुसता नमस्कार करून खाली बसले. तेव्हा राहिलं ते इथं लिहिते.

बाई रहिमतपूरच्या. निवडून आलेल्या बायकांना ग्रामपंचायतीचा कारभार शिकवायचं त्यांचं काम. अंगानं किरकोळ, पण आवाज मळ्यातनं गावात ऐकू जाईल असा. पहिल्या दिवशी आम्ही खुर्च्यांवर अवघडून बसलो होतो. तेवढ्यात दाराबाहेर कोणी बाप्या मोठ्यानं खाकरला. आम्ही साऱ्याजणी पदर सावरत उठून उभ्या राहिलो. आत आल्या त्या बाईच!

"बसा गं," त्या हसत म्हणाल्या. "खोकल्याला कशापायी उठताय? खोकल्याला औषध असतंय."

मग रोज तेच. कायदा शिकवता शिकवता मध्येच बाहेर जायच्या आणि खाकरायच्या. कधी सासऱ्यासारख्या, कधी तंबाखूचा बार भरलेल्या उपसरपंचासारख्या. कुणी उठलीच, तर म्हणायच्या, "उठलीस? गेली खुर्ची!"

वडूजकडची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "आवं बाई, पाय आपसूक उठत्यात, त्याला काय करू?"

"मग पायाला शिकवा. घरात थोरांचा मान ठेवा, पाया पडा. सभेत तुमी गावाच्या. गाव कुणाच्या खोकल्याला उठत न्हाई."

मला हे लय जड गेलं. माझ्या आधी माझे थोरले दीर, आबा, सरपंच होते. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून त्यांनी मला उभं केलं. कार्यालयात खुर्चीत तेच बसायचे आणि मी भिंतीकडेला उभी राहून सह्या करायची. त्यांच्या काळात खालच्या वस्तीच्या पाइपलाइनसाठी त्यांनी पंचायतीतनं उचल घेतली होती. पाइप काही आले नाहीत. साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण बोलणार कोण? मी बाईंच्या कानावर घातलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ग्रामसभा कवा हाय?"

सभेला त्या आल्या आणि मागं बायकांत बसल्या. मी पहिल्यांदाच मधल्या खुर्चीत बसले. आबा दारात येऊन खाकरले. मी निम्मी उठलेच. बाईंकडे बघितलं, तर त्या शेजारणीशी कांद्याच्या भावाचं बोलत होत्या. मी परत बसले. आबा क्षणभर थांबले आणि कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.

खालच्या वस्तीची शेवंता उठली. "आमचं पाइप कुठं हायत? डोईवरचं केस गेलं पाणी वाहून."

साऱ्यांनी आबांकडे बघितलं. ग्रामसेवक माझ्याकडे वाकून म्हणाले, "वहिनी, हे लिहायचं का?"

मागनं बाईंचा आवाज आला, "भाऊसाहेब, घरला गेल्यावर वहिनी म्हणा. हितं सरपंच!"

बायका हसल्या. मला हसू येईना. लिहिलं की ठराव, ठराव झाला की वसुली. एका घरात राहून आबांना तोंड कसं दाखवायचं?

"लिहा," मी म्हणाले. "आबांनी घेतलेली उचल पंचायतीत परत भरावी."

घरात आबांनी बोलणं टाकलं. जाऊबाई ताटं आपटू लागल्या. मी बाईंना फोन करून रडले. त्या म्हणाल्या, "रड बाय, रडायला कायदा आडवा येत न्हाई. पण ठराव मागं घ्यायचा न्हाई. आन् आबांना टोचून बोलायचं न्हाई. त्यांना परत यायला वाट ठेव."

मी तसंच केलं. उसाचं पहिलं बिल आलं आणि आबांनी निम्मी रक्कम भरली. पुढं बाई निवृत्त झाल्या. त्या लेकीकडे मिरजेला राहायला निघाल्या होत्या. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार असताना त्यांनी मला जवळ ओढलं. वाटलं, आशीर्वाद देतील. त्यांनी कानात विचारलं, "राहिल्यालं कवा भरतायत?"

परवा आबा कार्यालयात आले. बँकेत भरणा केल्याची पावती त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"बघा, पुरी झाली का," ते म्हणाले. आजवर मला ते कधी 'बघा' म्हणाले नव्हते.

मी बघितलं. रक्कम पुरी झाली होती.