माळावरचे खड्डे

आमच्या माहेरच्या जमिनीत भाताची खाचरं वेगळी आणि वरकस, म्हणजे वरचं हलकं रान, वेगळं. वडील गेल्यावर खाचरांची वाटणी माझ्या भावांनी वर्षभरात करून घेतली. वरकस तसंच राहिलं, कारण ते कोणाला नकोच होतं. गडब आणि कासूच्या मध्ये हायवे सोडून पूर्वेला चढलं की एक सपाट माळ लागतो. वीतभर माती, खाली कातळ. तिथं भात होत नाही, आंबा धरत नाही. पूर्वी भाताची रोपं पेरायच्या आधी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, तिथलं गवत आणायचे आणि गुरं चरायची, एवढाच त्याचा उपयोग. तो माळ सातबाऱ्यावर आमचा आहे हे मला स्वतःला शाळेतून निवृत्त होईपर्यंत नीट माहीत नव्हतं.

हायवेचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा मुरूमवाले चौकशीला यायला लागले. शेजारची टेकडी त्यांनी निम्मी उतरवली होती. धाकटा भाऊ द्यायला तयार होता, मोठ्याला ते पटत नव्हतं, मधला नेहमीसारखा गप्प. मी पेणहून गेले आणि दोन दिवस माहेरी राहिले. पेणमध्ये आमची आठ जणांची एक छोटी संस्था होती. खाडीकाठची साफसफाई, शाळांमधून व्याख्यानं, अशी कामं आम्ही करायचो. मी सुचवलं की माळ संस्थेच्या नावे करू, म्हणजे तो कोणाला खणता येणार नाही. धाकट्याने बरेच दिवस नाराजी धरली, पण शेवटी सही केली. "पडीकच हाय ती जमीन, तुमची तुम्ही सांभाळा," असं म्हणून त्याने पेन खाली ठेवलं.

परवानग्या, मोजणी, फेरफार यात दीडेक वर्ष गेलं. मग आम्ही हद्दीचे दगड चुन्याने रंगवले, वाटेच्या तोंडाशी पाटी लावली. रविवारी सकाळी जाऊन हायवेवरून आलेल्या लोकांनी टाकलेल्या बाटल्या आणि प्लास्टिक गोळा करायचो. होळीच्या आधी कडेचं गवत कापून पट्टा मोकळा करायचो, म्हणजे खालून वणवा आला तरी माळावर चढू नये. आमचे अध्यक्ष निवृत्त पशुवैद्य होते. त्यांना आम्ही सगळे डॉक्टरच म्हणायचो. गुडघे दुखत असूनही कोयता घेऊन ते सगळ्यांच्या पुढे असत.

झाडं लावायची कल्पना माझी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे बैठकीत दोघा-तिघांनी ती सगळ्यांची होती असं म्हणून माझ्यावरचा भार हलका करायचा प्रयत्न केला होता. मला तो उघडा माळ बघवत नव्हता. छत्तीस वर्षं शाळेत 'झाडे लावा' लिहून घेतलेलं, आता स्वतःच्या ताब्यात जमीन आली होती. रोपवाटिकेतून रोपं मिळाली. कातळात कुदळ चालेना, म्हणून ओळखीने एक जेसीबी मिळवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, त्याने माळावर रांगेने खड्डे काढायला घेतले. मी छत्री घेऊन उभी होते आणि रांग सरळ येते की नाही ते पाहत होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या आदिवासीवाडीतली एक बाई वर आली. वाडीतली बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. ती आदल्या दिवशीच आली होती. वयाने माझ्याएवढी असेल. ती बराच वेळ मशीनकडे पाहत राहिली. मग खड्ड्यांच्या दोन रांगांमधून चालत गेली आणि परत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, इथं नका खणू. इथून पाणी चालतंय."

ती जिथे उभी राहून बोलत होती तिथे मला पाण्याचा मागमूस दिसत नव्हता. जून कोरडा होता, दगड तापलेले होते. मला वाटलं, गुरं चारायची जागा जाईल म्हणून ही आडून सांगते आहे. मी तिला समजावलं की झाडांमुळे पाणी वाढेलच, आणि गुरांसाठी एक बाजू आम्ही मोकळी ठेवणार आहोत. मुलांना समजावायचे त्याच आवाजात मी तिच्याशी बोलले, हे मला नंतर आठवलं. तिने मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकून घेतल्यासारखी. आणि ती उतरून गेली.

पाऊस लागल्यावर गडबच्या शाळेची मुलं आली. प्रत्येकाने एक रोप लावलं आणि त्याला आपल्या नावाची चिठ्ठी बांधली. मी भाषण केलं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी आणि डॉक्टर एका कडुनिंबाला माती लोटताना आहोत. तो फोटो माझ्या सुनेने फ्रेम करून दिला.

माळाच्या मधोमध एक उथळ तळी आहे. कातळातला खोलगट भागच तो, कमरेएवढासुद्धा खोल नाही. पावसाळ्यात भरायची आणि दिवाळी उलटून गेली तरी तिच्यात गुरांपुरतं पाणी असायचं. माझ्या लहानपणी आम्ही तिच्या काठावर बसून भाकरी खाल्लेली आहे. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास रोपांना आळी करायला गेले तेव्हा तळीच्या तळाशी चिखल होता आणि चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या.

पाऊस कमी झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या पावसात अंबा नदीचं पाणी नागोठण्याच्या बाजारात शिरलं होतं आणि माझ्या भावांच्या खाचरांत भात आडवं झालं होतं. पाऊस कमी झाला म्हणायला जागा नव्हती. तरी मी पंधरा दिवस हे कोणाशी बोलले नाही. डॉक्टरांचा फोन आला की रोपांची खुशाली सांगायची. तळीचा विषय काढायची नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी एकटीच वाडीवर गेले. ती बाई घरासमोर बसून वाल निवडत होती. तिने पिंप उलटं करून मला बसायला दिलं. मी तळीचं सांगितलं. तिला ते ठाऊकच होतं. त्या वर्षी गुरं पाण्याला ओढ्यावर न्यावी लागत होती, आणि वाडीच्या वरचा झराही लवकर बारीक झाला होता, असं तिने सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं. मी तिला म्हटलं, तुम्ही तेव्हा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ती वाल निवडतच म्हणाली, "मशीन आल्यावर कोण ऐकतंय? मी आपलं सांगून ठेवलं."

वीटभट्टीचा ट्रक येण्याआधी तिने एक सकाळ आम्हाला द्यावी, असं मी विचारलं. तेवढी मजुरी बुडेल, ती संस्थेने द्यावी, असं ती सरळ म्हणाली. मलाही ते बरं वाटलं. डॉक्टर, आणखी तिघं आणि मी तिच्याबरोबर माळ चढलो. ती पुढे आणि आम्ही मागे. तिने आम्हाला गवत दाखवलं. जिथून पाणी सरकत जातं तिथलं गवत बारीक आणि आखूड, बाजूचं उंच आणि राठ. एकदा दाखवल्यावर ते इतकं स्पष्ट दिसायला लागलं की आधी कसं दिसलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं. बारीक गवताचा तो पट्टा माळाच्या वरच्या कडेपासून वळत वळत तळीपर्यंत येत होता, आणि आमच्या खड्ड्यांच्या चार रांगांनी तो आडवा कापला होता. पाणी खड्ड्यांत थांबत होतं आणि मशीनने फोडलेल्या कातळातून खाली जिरून जात होतं. डॉक्टर चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन तिच्या मागून पट्टा आखत गेले.

खड्डे बुजवायचे, हे मी बैठकीत मांडलं. सोपं गेलं नाही. एकाने विचारलं की शाळेला काय सांगणार. दुसरे म्हणाले की वर्तमानपत्रात फोटो आला आहे, लोक हसतील. अर्धी रोपं मेलीच आहेत, उरलेली राहू द्या, असंही निघालं. डॉक्टर सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी ते म्हणाले, "जमीन वाचवायला घेतली होती आपण. हौस भागवायला नाही." मग खड्डे बुजवायचं ठरलं. ते वाक्य मला लागलं, आणि ते मलाच लागावं असंच होतं.

शाळेत मी स्वतः गेले. मुलांना सांगितलं की जागा निवडताना माझी चूक झाली, आपली झाडं हलवावी लागतील, आणि काही मेली आहेत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांसमोर उभं राहणं मला इतकं अवघड कधी वाटलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तिचं झाड मेलंय का ते विचारलं. मी चिठ्ठ्यांची यादी बरोबर नेली होती. मेलं होतं. तिने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

उन्हाळ्यात चार रविवार आम्ही ते काम केलं. जगलेली रोपं ओलं गोणपाट गुंडाळून खाली ओढ्याच्या काठी नेली, तिथे माती खोल आहे. खड्डे आधी दगडांनी, मग मुरुमाने भरले. मुरूम विकत आणावा लागला, आणि तो शेजारच्या त्याच फोडलेल्या टेकडीचा होता. धाकटा भाऊ शेवटच्या दोन रविवारी घमेलं घेऊन आला. दुपारी त्याने सगळ्यांना कलिंगड कापून दिलं.

मे संपताना ती बाई भट्टीवरून परत आली आणि आपणहून माळावर जाऊन आली. संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं होतं ती बरं झालं म्हणेल. ती म्हणाली, "वरच्या अंगाला दोन राहिलेत, बाई. करवंदीच्या मागं." खरंच राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी आणि धाकटा जाऊन ते भरून आलो.

त्या पावसाळ्यात तळी भरली, पण पूर्वीएवढी नाही. दसऱ्यानंतर पंधरा-वीस दिवस पाणी टिकलं. पुढच्या वर्षी थोडं अधिक. झरा मात्र अजून लवकरच आटतो, आणि तो पुन्हा पूर्वीसारखा होईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. भरलेल्या खड्ड्यांवर गवत आलं आहे, पण ते निराळं आहे, राठ. श्रावणात बाकी माळ पिवळ्या आणि जांभळ्या फुलांनी भरतो तेव्हा ते गोल ठिपके हिरवेच राहतात आणि रांगा दुरून ओळखू येतात. शाळेच्या सहली येतात तेव्हा मी त्या दाखवते आणि काय झालं ते सांगते.

त्या बाईने विश्वस्त व्हावं असं आम्ही सुचवलं होतं. बैठका पेणला होतात, यायला दिवस जातो, असं म्हणून तिने आधी नकार दिला. मग आम्ही पावसाळ्यातल्या बैठका वाडीच्या समाजमंदिरात घ्यायला लागलो, तेव्हा ती येऊन बसू लागली. गेल्या वर्षी तिने सही केली. ती बैठकीत फार बोलत नाही. यंदा वणव्याच्या पट्ट्याची जागा ठरवताना तिने आखणी बदलायला लावली, आणि डॉक्टरांनी जुना नकाशा घडी घालून पिशवीत ठेवला.