चाकाच्या खुर्चीतला फोटो

माझी पोरगी पायानं धडधाकट. झाडावर चढते, बांधावरून पळते. तिला मालकाच्या माणसांनी चाकाच्या खुर्चीत बसवलं. उठू नये म्हणून कमरेला उपरणं बांधलं.

मालकाच्या वडिलांच्या नावानं कार्यक्रम होता. अपंगांना खुर्च्या वाटायच्या होत्या. मांडव, भोंगे, पाहुणे. मी त्याच मालकाच्या वावरात हळद काढायला, शिजवायला जायचो. आदल्या दिवशी ते म्हणाले, पोरीला घेऊन ये. मी म्हणालो, ती पायानं चांगली आहे.

"डोक्यानं तर न्हाई ना? मंग एकच झालं."

बाकीचे मजूर हसले.

नऊ वर्षांची आहे ती. बोलत न्हाई. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑटिझम. स्वमग्नता. शिकवणारं जाणतं माणूस रोज पाहिजे, म्हणाले. आमच्या भागात असं माणूस कुठून आणू? गावाला तो शब्दही नको. गावाला ती येडी.

भोंगा सुरू झाला तशी तिनं कान दाबले. किंचाळली. मनगट चावायला लागली. रक्त निघालं. दोघांनी तिचे हात कानावरून ओढले, मांडीवर दाबून धरले. फोटो नीट यायला पाहिजे म्हणून. मालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माइकवरचा माणूस सांगू लागला, हे लेकरू मागल्या जन्मीचं पाप भोगून राहिलं, मालक देवासारखे धावून आले. मग माझ्याकडं वळला.

"पाया पड मालकाच्या. फोटो येऊ दे."

मागल्या जन्मीचं पाप. हेच सांगून माझ्या आज्याला गावकुसाबाहेर ठेवलं होतं. आता माझ्या लेकीला.

मी वाकलो. त्यांच्या पायाकडं न्हाई. उपरण्याची गाठ सोडली. म्हणालो, "लेकरू पापी न्हाई. खुर्ची तुमच्यापाशीच ठेवा."

तिला उचललं. तिनं माझ्याच खांद्याला कडकडून चावा घेतला. धरणारा कोण, सोडवणारा कोण, तिला काय माहीत.

मालकाकडचं काम बंद झालं. हळूहळू बाकीच्यांनीही बोलावणं सोडलं. आता वसमतला जाऊन पोती उचलतो. बायको म्हणते, एक फोटोच तर होता. तिचंही चुकत न्हाई, चूल तिला पेटवायची असते. पोरगी आधी झोपताना माझं बोट धरायची. आता कुणालाच हात लावू देत न्हाई. ती कधी बोलेल, असं मला वाटत न्हाई. माझ्यामागं तिचं काय?

गावच्या शाळेत तिचं नाव घातलंय. गुरुजी म्हणतात, नाव राहू द्या, पोरगी घरी ठेवा. मी न्हाई ठेवत. काम नसेल तेव्हा मी, काम असेल तेव्हा तिची आई, तिला घेऊन वर्गाच्या दारात बसतो. काल गुरुजी वैतागले.

"काहून आणता रोज? हिला काय कळते?"

"न्हाई कळत. तरी बसंल ती. काढायचं असंल तर आमाला दोघांनाबी उचलून बाहेर टाका."

त्यांनी उचललं न्हाई. आत या, असंही म्हणाले न्हाई.

उद्या आमी तिथंच बसणार.