काठोकाठ भरलेला ग्लास

अमेरिकेतल्या शुगर लँड गावात काकूंच्या हॉटेलात मी आधी फक्त स्वयंपाकघरात होते. मालवणकडची, नववीत शाळा सुटलेली, इंग्रजी कामापुरतं. आत बरं होतं. कोळंबी सोलायला इंग्रजी कशाला लागतं? पण बाहेर वाढणारी मुलगी सोडून गेली, तेव्हा काकू म्हणाल्या, "शनिवारी तू बाहेर. जमलं तर कायमची. नाही जमलं तर परत आत, त्यात कमीपणा नाही गं."

भीती होतीच, पण बाहेर जायचं मला मनापासून हवं होतं. माझ्या हातचं खाताना लोकांचे चेहरे कसे होतात, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मेनूवर फ्रेंच व्हाइट वाइन आली. बोर्दोची, दोन द्राक्षं मिसळून केलेली: सोव्हिन्यों ब्लां आणि सेमियों. काकूंचे यजमान, म्हणजे आमचे काका, रिटायर झालेले इंजिनियर. त्यांनी मला घोटभर चाखायला दिली. आधी लिंबू, मग कापलेल्या गवताचा वास, मागून काहीतरी मऊ.

"पहिलं द्राक्ष आंबट आणि तरतरीत," काका सांगू लागले, "दुसरं जरा जाड, गोलसर..."

"कोकम आणि नारळाचं दूध!" काकू आतून ओरडल्या. "झालं, लेक्चर संपलं. कोळंबी, तळलेला मासा, सुरळीची वडी यांच्याबरोबर द्यायची. ठेच्याबरोबर नाही, तोंड पेटतं."

शनिवारी दिवसभर मी भांडी पुसता पुसता हेच इंग्रजीत घोकत होते.

संध्याकाळी माझ्या टेबलावर एक वयस्कर अमेरिकन जोडपं आलं. त्यांनी कोळंबी सांगितली आणि तीच वाइन. काकांनी बाटली उघडून माझ्या हातात दिली. घोकलेलं एकही वाक्य आठवेना. तोंड चालेना म्हणून हात चालला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा पेला देणं म्हणजे उठा म्हणण्यासारखंच. मी दोन्ही ग्लास काठोकाठ भरले.

काउंटरमागे काकांनी कपाळाला हात लावला. आजोबा ग्लासकडे नुसते बघत राहिले, कारण उचलला असता तर सांडला असता. आजी मात्र वाकल्या, टेबलावरच्या ग्लासला तसेच ओठ लावले आणि हसून म्हणाल्या, "आय लाइक हर."

मला जरा धीर आला. पण सवयीने मी कोळंबीबरोबर ठेचाही ठेवला होता. आजींनी तो खाल्ला, वर वाइन प्यायल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच. मी वाटी उचलली. "दिस, नो. वेट," एवढंच म्हटलं आणि आत पळाले. सुरळीच्या वड्या आणल्या, वर ओलं खोबरं, कोथिंबीर.

आजींनी वडी तोंडात टाकली. भुवया वर गेल्या, मग डोळे मिटले. मी तिथेच उभी, हातात ठेच्याची वाटी. हाच तो चेहरा.

एव्हाना भरलेल्या ग्लासांचा गारवा उतरला होता. आजोबांनी ग्लास हुंगला आणि बायकोला म्हणाले, आता मधाचा वास येतोय, मघाशी नव्हता. फार गार असली की वाइनचा वास दबतो, हे मला काकांनी मागाहून सांगितलं. "बाटली फ्रिजमधून आधीच काढायला हवी होती," ते पुटपुटले. "चूक माझी."

मी टेबलं पुसत असताना काकू आल्या. मी खाली मान घालून उभी.

"विहीर भरत होतीस का गं? ग्लास अर्धा! आणि ठेचा विचारून."

"म्हणजे उद्या आत?"

"आत कशाला? उद्या बाहेरच. रडू नकोस, टेबल ओलं होतंय."

तेव्हापासून मी बाहेर आहे. काकूंचे उपकार विसरणार नाही. ओतताना अजून धाकधूक होते आणि हात अर्ध्यावर थांबवणं जिवावर येतं. म्हणून प्रत्येक पाहुण्याला मी सांगून टाकते, "मोर लेटर." त्याशिवाय मला टेबलापासून हलवतच नाही.