चंब्याला फोन लागेना

मंडळी, आज तुमचा सल्ला हवाय.

शेजारच्या कमलाभाभी हिमाचलातल्या चंबा जिल्ह्याच्या. आज सकाळी त्यांच्या डोंगरातल्या गावावर दरड कोसळल्याची बातमी आली. तिथे त्यांची आई एकटीच राहते. नाशिक रोडच्या माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दुपारपर्यंत नंबर फिरवत होतो.

शेवटी आईचाच फोन आला. "घर गेलं गं. पण झऱ्याचं पाणी गढूळ झालं, डोंगर सुटणार हे कळलं, तेव्हाच आम्ही गावातले सगळे वर देवीच्या देवळात आलो. जुन्या लोकांनी ते पक्क्या खडकावर बांधलंय."

भाभी रडतच म्हणाल्या, "आता माझ्याकडे ये, आई."

"गावाला असं टाकून?"

भाभी बॅग भरतायत. आईला इकडे आणायचं की तिथेच तिच्याजवळ राहायचं, त्यांना कळत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?