कापसाच्या खोलीतली शिटी

मंगळवारी दुपारी वंदूच्या मायनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आणि मी विहाराची मशीन दुरुस्त केली. मशीन म्हणजे लाऊडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर. ते आमचं सोबतचं शेवटचं काम. शुक्रवारी सकाळी ती गेली.

आधीच सांगतो... मी भूत, आत्मा, अंगात येणं काही मानत नाही. आम्ही बौद्ध माणसं. माझ्या बापानं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. शाळा माझी चौथीपर्यंत, पण रेडिओ दुरुस्तीत चाळीस वर्षं काढली. बिघडलेल्या सेटमागे कारण असतंच. या गोष्टीचंही सापडेल म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.

घर मारेगावला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत माझं टेबल, मागच्या खोलीत कापूस. त्या सालात भाव इतका पडला होता की लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. आमच्या दीड एकराचाही छातीएवढा ढीग होता, चैत्र लागला तरी तसाच. अंगाला खाज सुटायची. पण एक फायदा झाला — त्या खोलीत आवाज परतत नाही. बोललं की तिथंच जिरतं. म्हणून वंदूची माय स्पीकर घेऊन तिथं बसायची आणि ऐकायची.

ऐकायची तीच. माझे कान बारीक आवाजाला वीस वर्षांपूर्वीच गेले. माणसाचं बोलणं ऐकू येतं. डास नाही, चिमणी नाही. आणि या धंद्यात सगळी भानगड बारीक आवाजाचीच. ट्यूबलाईटचा चोक, शेजाऱ्याची मोटर, कुठूनही शिटी आत घुसते. त्यावर कंडेन्सर लावायचा, तुरीच्या डाळीएवढा. तो बोलणं पुढं जाऊ देतो आणि बारीक आवाज गाळून अर्थिंगला सोडतो. कोणता लावायचा, कुठं लावायचा, ते आम्ही कानानंच ठरवायचो. मी टेबलावर लावून पाहायचो, ती आतून सांगायची — "आहे"... "आहे"... "गेली." गिऱ्हाइकाला हे कधी सांगितलं नाही. बहिऱ्या मेकॅनिककडं सेट कोण टाकेल?

त्या मंगळवारी दोन कंडेन्सर लावले, झाकणाचे स्क्रू आवळले, तर ती म्हणते, "अजून आहे. लई बारीक आहे, पण आहे."

"तुह्या कानातच शिटी आहे. डॉक्टरले दाखव."

"वीस वर्सं माह्या कानावर धंदा केला, आज माहा कान खराब झाला काय? उघडा ते झाकण."

"भूक लागली मले."

"मंग जेवा. पण मशीन झाली नाई."

तेवढ्यात विहार समितीचे शामराव मशीन न्यायला आले. "झाली का हो?" मी म्हटलं, झाली. परक्यासमोर ती काही बोलली नाही. मला जेवायला वाढलं आणि पुन्हा कापसात जाऊन बसली.

शुक्रवारी भाकरी थापता थापता भिंतीला टेकली. वणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आमच्याच अंगणात मांडव टाकला. शामरावांनी तीच मशीन आणून लावली. दुपारची वेळ. भन्तेजींनी सुरुवात केली आणि मला शिटी ऐकू आली. बारीक, सरळ, न तुटणारी. जावई शेजारी होता. शाळेत मास्तर आहे.

"शिटी येऊन राह्यली का?"

"नाई, मामाजी."

वंदूला विचारलं. तिलाही नाही. म्हणाली, "बाबा, सकाळपासून पोटात काई नाई तुमच्या. कान वाजत असन."

मलाही तसंच वाटलं. म्हणून लोक गेल्यावर, चारच्या सुमाराला, मशीन टेबलावर घेतली. झाकण उघडलं, स्पीकर कापसाच्या खोलीत ठेवला. कंडेन्सर एकेका जागी टेकवत गेलो, एका जागी शिटी बंद झाली. तो कंडेन्सर जावयाच्या हातात चिमट्यानं दिला. म्हटलं, "इथं टेकव, मनात येईल तवा काढ. मले सांगू नको." आणि मी आत जाऊन ढिगाकडं तोंड करून बसलो. आतून सांगत गेलो — आहे, गेली, आहे, आहे, गेली. वीसेक वेळा झालं. एकदाही चुकलो नाही.

जावई म्हणाला, "मामाजी, मले तर दोन्ही टायमाले सारखंच ऐकू येते." चिमटा त्यानं टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "चहा सांगू का?"

म्हणजे शिटी खरी होती. मंगळवारी वंदूची माय बरोबर होती आणि मी खोटं सांगून मशीन दिली, इथपर्यंत समजलं. पण शिटी माझ्या कानात कशी शिरली? त्याच वेळी वंदू अंगणातून म्हणत होती, चिमण्यांनी काय कालवा लावला आहे... मला एकही ऐकू आली नाही.

"लावून टाका ना तो कंडेन्सर," जावई म्हणाला.

"उद्या."

त्या दिवसांत सातला लाईन जायची. तोपर्यंत मशीन चालू ठेवून कापसाच्या खोलीत बसलो. कुणी हाक मारली नाही, कुणी दिसलं नाही. नुसती शिटी. सातला लाईन गेली, तीही गेली.

पुढं कधीतरी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एवढा बारीक आवाज तुम्हाला ऐकू येऊच शकत नाही. शिकलेल्या एका इंजिनिअरला विचारलं, तो हसला. मला स्वतःला आजपर्यंत उलगडा झालेला नाही. वाचणाऱ्यात कुणाला माहीत असेल तर सांगावं, देवाधर्माचं सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन आली. शिटी होती. कंडेन्सर लावू नये असं मनात आलं, खोटं कायले बोलू. मशीन घरीच ठेवावी, विहाराला दुसरी बनवून द्यावी... कथील वितळवायचा कय्या गरम होऊन बराच वेळ झाला होता. पण तिनं झाकण उघडायला सांगितलं होतं आणि मी जेवायला बसलो होतो. कंडेन्सरला डाग दिला. शिटी बंद झाली. परत कधी आली नाही.

मशीन सायकलला बांधून विहारात नेली. शामराव म्हणाले, "काय बिघडलं होतं हो? आम्हाले तर साफ ऐकू येत होतं."

म्हटलं, "मंगळवारी अर्धीच दिलती तुमाले. वंदूची माय नाई म्हणत होती. अन् शामराव, मले बारीक आवाज येतच नाई, वीस वर्सं झाली. सगळे सेट तीच ऐकत होती."

मी दोरी सोडून मशीन आत ठेवली.