लिफ्टकाकांचं न फिरणारं फिरतं घर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी फिरतं घर घेतलेलं नव्हतं, नाहीतर लग्न आणि घर दोन्ही सोडून आधी त्याच्याबद्दल बोलले असते. ते घेतलं आमच्या गल्लीतल्या लिफ्टकाकांनी. तेव्हा ज्यांना चाकांवरचं घर घ्यायची हौस आहे त्यांनी जरा बसून ऐकावं, फुकटचं शहाणपण मिळेल.

लिफ्टकाकांनी एका उंच कचेरीत आयुष्यभर लिफ्ट चालवली. लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं, आणि दारात गर्दी झाली की म्हणायचं, "जरा बाजूला सरका, उतरणाऱ्यांना उतरू द्या." त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा. त्यांची लिफ्ट मजल्याच्या अगदी बरोबरीत थांबायची. हातात काठोकाठ भरलेले चहाचे कप घेऊन माणूस खाली न बघता बाहेर पडायचा आणि एक थेंब सांडायचा नाही. मग तिथे नवी लिफ्ट आली. ती आपलं दार आपणच लावते आणि एका बाईच्या आवाजात मजला सांगते. काकांना जुन्या लिफ्टची किल्ली आठवण म्हणून देऊन घरी पाठवलं. जाताना ते त्या नव्या लिफ्टनेच खाली आले. बाई "तळमजला" म्हणाली, तेव्हा काकांनी उंबरठ्याकडे बघितलं आणि शांतपणे तिला सांगितलं, "बाई, अर्धा इंच वर आहात."

काकू पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायच्या. शिवलेले पडदे दुकानाच्या टेम्पोतून घरोघरी पोचवायच्याही त्याच, टेम्पो स्वतः चालवत. लोकांच्या खिडक्यांतून त्यांनी बागा बघितल्या, नदी बघितली, एकदा तर टेकडीवर चरणारा घोडा बघितला. आणि स्वतःच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसायचं? शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचा सांडपाण्याचा पाईप. "लग्न होऊन आले, सकाळी पडदा सारला, तर हा उभा," काकू म्हणायच्या. "तुमच्यापेक्षा ह्याचंच तोंड जास्त बघितलंय मी."

काकूंची मागणी काही राजवाड्याची नव्हती. एक सकाळ हवी होती. पडदा सारायचा आणि पाईप दिसता कामा नये, बस. काकांनी शब्द दिला होता की रिटायर झालो की नेतो. रिटायर झाल्यावर शब्द देणारा माणूस दिवसभर घरातच असतो आणि त्याला आठवण करून देणं सोपं जातं. शेवटी दोघं जुनी फिरती घरं विकणाऱ्या एका माणसाकडे गेली.

हा गाडीवाला बारा गावचं पाणी प्यालेला, आणि त्यातलं निम्मं गाड्यांच्या टाकीतलं. त्याने पहिली गाडी दाखवली ती चकचकीत. काका तिच्या नव्या रंगावर भाळले. काकूंनी आत जाऊन पडद्याचा कोपरा नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "छप्पर गळतंय." गाडीवाल्याने मुकाट्याने दुसरी दाखवली. ती दिसायला बेताची होती, पण पडद्यांना नुसता धुळीचा वास. तिचं सरकतं दार काकांनी ओढलं आणि ते खट् करून असं लागलं की काकांच्या अंगावर काटाच आला. गाडीवाला म्हणाला, "बसा की काका." काका बसले नाहीत. ते दाराशी उभे राहिले, काकूंना म्हणाले, "मागे सरका," आणि गाडी ठरली.

गाडीवाल्याने जाता जाता चार गोष्टी समजावल्या. सामान जेवढं लागेल असं वाटतं त्याच्या निम्मं घ्या. संडासची टाकी कोण रिकामी करणार हे आजच ठरवा, मागाहून ठरवायला गेलं की संसार मोडतात. गाडी उभी केली की चाकांखाली फळकुटं घालून ती लेव्हलला आणा, नाहीतर फ्रीज चालत नाही आणि पाणी भलतीकडे जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिली रात्र आपल्याच दारात काढा, काही चुकलं तर घर जवळ असतं.

सल्ला सोन्यासारखा होता, पण तो पडला लिफ्टमनच्या कानावर.

काकांनी गाडी चालवायची शिकवणी लावली होती आणि ते परीक्षाही पास झाले होते. शिकवणारे मास्तर म्हणाले होते, "काका, तुमच्यासारखं थांबवणारा माणूस मी पाहिला नाही. आता जरा सुटायचंही बघा." म्हणून गाडी गाडीवाल्यानेच आणून दारात लावली. काकांनी आतल्या टेबलावर एक काचेची गोटी ठेवली. ती घरंगळली. काकांनी पुढच्या चाकाखाली फळकूट सरकवलं. गोटी मागे पळाली. मागे सरकवलं, गोटी डावीकडे. गल्ली उताराची, गोटी द्वाड आणि काका चिवट. आठवडाभर ते जमिनीवर पालथे पडून फळकुटं सरकवत होते, आणि येणारेजाणारे त्यांच्या पायांना नमस्कार करून पुढे जात होते. मग एके दिवशी गोटी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि ती हलली नाही. काकांनी श्वास रोखून बघितलं, तरी हलली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि इथेच घोडं अडलं. इतकी जुळून आलेली गाडी हलवायची कशी?

"आणखी एक रात्र दारात काढू," काका म्हणाले. "सराव होईल." त्या एका रात्रीला मग पोरं होत गेली. निम्मं सामान घ्या म्हटलं होतं ना, काकांनी घरातलं निम्मं सामान गाडीत नेलं. इस्त्री गाडीत गेली आणि इस्त्रीचं टेबल घरात राहिलं. चहा घरात, साखर गाडीत. दिवसभर दोघं चपला घालून आतबाहेर करत होती. टाकी कोण रिकामी करणार हा प्रश्न काकांनी फार हुशारीने सोडवला, संडासला घरी जायचं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर आपल्या गॅलरीच्या कठड्यापासून गाडीच्या टपापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली. "नाहीतरी उभीच आहे," त्या म्हणाल्या. काकांनी दोरीकडे बघितलं, ती सरळ रेषेत होती, म्हणून ते काही बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर काका घाबरले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण गोटीकडे बघत बसले की त्यांना ते कळायचं. लिफ्टमध्ये वरचा मजला ठरलेला आणि खालचा ठरलेला. कितीही वर जा, संध्याकाळी तळमजल्यावर यायचंच. रस्त्याला मेला शेवटचा मजलाच नाही. आणि इतकी वर्षं लोक आपापल्या मजल्यावर उतरून जात होते, काका कधी कुठे उतरलेच नव्हते. आता ह्या वयात उतरायचं कसं, हे त्यांना कोण शिकवणार?

काकूंना ह्यातलं बरंचसं ठाऊक होतं. त्यांनी गाडीच्या खिडक्यांना नवे पडदे शिवले, पिवळे, बारीक पानांचे, आणि घडी करून ठेवून दिले. "लावत का नाहीस?" काकांनी विचारलं. "पाईप नसेल तिथे लावीन," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "ह्या शनिवारी निघू." शनिवार आला आणि ये रे माझ्या मागल्या.

शेवटी एका दुपारी काकूंनी हार मानली. पडदे वाया जायला नकोत म्हणून त्या खिडकीला लावायला बसल्या. पडदा लावला, सारून बघितला, आणि समोर तोच पाईप. घर बदललं, खिडकी बदलली, पडदाही बदलला, पाईप जागचा हलला नव्हता. काकूंचा चेहरा पडला. काका मागून आले, त्यांनी एक डोळा मिटून बाहेर बघितलं आणि कौतुकाने म्हणाले, "बघ, पाईप खिडकीच्या चौकटीला कसा समांतर दिसतोय. म्हणजे लेव्हल अजून टिकून आहे."

एवढं बोलून ते गाडीतल्या पलंगावर आडवे झाले. ड्युटीवरच्या सवयीने, जुन्या लिफ्टची आणि गाडीची किल्ली अडकवलेली दोरी त्यांनी गळ्यातून काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवली. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, पाईपकडे बघितलं आणि मग खुंटीकडे बघितलं.

आपण कशाने जागे झालो हे काकांना आधी कळलंच नाही. धप्प करून चाक फळकुटावरून उतरलं, टेबलावरून टप्प करून गोटी पडली, आणि काका झोपेतच म्हणाले, "घाबरू नका, लिफ्ट अडकली नाहीये." मग त्यांनी डोळे उघडले. खिडकीबाहेरून पट्ट्यापट्ट्यांची एक अर्धी चड्डी हवेत पोहत चालली होती. काकांना वाटलं, आपण गेलोच. वर गेल्यावर चड्ड्या उडतात असं त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं, पण वर जाऊन आलेला माणूस तरी त्यांना कुठे भेटला होता?

"अगं, गाडी चाललीय," ते पुढे येऊन म्हणाले.

"हो," काकू स्टिअरिंगवरून म्हणाल्या. त्या टेम्पो चालवायच्या तशाच ऐसपैस बसल्या होत्या.

"थांबव."

"थांबवायचं काम तुमचं. सुटायचं माझं."

गाडीच्या टपाला बांधलेली वहिनींची दोरी कठड्यापासून सुटली होती आणि वाळत घातलेले सगळे कपडे घेऊन मागे फडफडत होती. चौकात एक मोटारसायकलवाला शेजारी आला, त्याने खिडकीतून एक पायमोजा आत दिला आणि निघून गेला. काका तो पायमोजा हातात धरून काकूंच्या शेजारी बसले. बराच वेळ गेल्यावर काकूंनी विचारलं, "कुठला मजला?"

हा प्रश्न काकांनी लाखो माणसांना विचारला असेल. त्यांना कुणी विचारला नव्हता. पायमोज्याची घडी घालत ते म्हणाले, "तूच सांग."

"पाईप नसेल तो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गियर टाकला.

संध्याकाळी दोघं एका तळ्याच्या काठी पोचली. गवतावर गाडी उभी राहिली ती चांगलीच तिरकी. फळकुटं गल्लीतच राहिली होती. काकांनी सरकतं दार उघडलं, ते हाताने धरून ठेवलं आणि म्हणाले, "सावकाश उतरा." काकू उतरल्या, पाण्याच्या दिशेने गेल्या आणि वळल्या. काका दार धरून आतच उभे.

"अहो, उतरा," काकू म्हणाल्या. "तुमचाही मजला हाच आहे."

काकांनी सवयीने खाली बघितलं. उंबरठा जमिनीपासून चांगला हातभर वर होता. असल्या उंबरठ्यावरून त्यांनी आयुष्यात कुणाला उतरू दिलं नसतं. ते उतरले, गुडघ्यावर पडले, आणि उठून हसायला लागले ते थांबेचनात. काकूंनी पायमोज्याने त्यांचा गुडघा पुसला.

त्या रात्री उतारामुळे काका घरंगळत काकूंकडे जात राहिले आणि काकूंनी त्यांना दोनदा ढकलून मग नाद सोडला. सकाळी काकू आधी उठल्या. पिवळ्या पडद्याचं टोक त्यांनी हातात धरलं. काका श्वास रोखून बघत होते, गोटीकडे बघायचे तसे. काकूंनी पडदा सारला.

खिडकीसमोर पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी लोंबत होती.

काकूंच्या हातातून पडद्याचं टोक सुटलं. काकांना ते सहन झालं नाही. ते उंबरठ्याकडे न बघता बाहेर उडी मारून पळाले आणि त्यांनी वहिनींच्या घरचे सगळे कपडे ओढून काढले, चड्डी, गाऊन, उशांचे अभ्रे, सगळं कवेत घेतलं आणि खिडकीसमोर उभे राहिले.

"आता?" त्यांनी बाहेरून विचारलं. "काय दिसतंय?"

काकूंनी पाणी बघितलं, पलीकडचा काठ बघितला, काठावरची झाडं बघितली.

"ओळखीचं काही नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला सरका."

काका बाजूला सरकले. कपड्यांचा ढीग छातीशी धरून ते गाडीला टेकले आणि तिथून पिवळ्या पडद्यांमधलं काकूंचं तोंड बघत राहिले. आत काकूंचा फोन वाजत होता, वहिनींचाच असणार, कपड्यांसाठी. तो कुणी उचलला नाही.