तुमची बहीण आत्ताच पुढे गेली

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून सोडून देते. मी लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. थकलेला मेंदू माणसाला काय काय दाखवतो, हे फळ्यावर आकृती काढून मीच पोरांना समजावते. त्यामुळे भूतखेत, भास, चकवा... यातलं काहीच मानत नव्हते. माझी अडचण वेगळीच आहे. मला स्वतःला काहीच दिसलं नाही. जे दिसलं ते दुसऱ्यांना.

चाळिशी उलटल्यावर शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता एक दिवस पळाले आणि आवडूनच गेलं. रविवारी पहाटे औसा रोडने निघायचं. हॉस्टेलांच्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात, पोरं घोकत बसलेली असतात. दालमिलचा वास मागे पडतो, मग दोन्ही बाजूंना तूर आणि सोयाबीन. सुरुवातीला अंग कुरकुरतं, गुडघा आपली कैफियत मांडतो. मग कधीतरी श्वास आणि पाय यांचं जमतं आणि डोकं अगदी रिकामं होतं. आठवडाभर बोलून बोलून घसा बसलेल्या बाईला दोन-तीन तास कुणाशीच बोलायचं नाही... ते सुख मला शब्दांत सांगता येणार नाही.

हे सुख नांदेडच्या मॅरेथॉनला नाव देईपर्यंत टिकलं. बेचाळीस किलोमीटर! नाव दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून डोक्यात एक बाई बसली. ह्या वयात झेपणार आहे का, अर्ध्यात पडलीस तर विद्यार्थी काय म्हणतील, घरचं सोडून हे काय चाललंय — तिचं सुरूच. कॉलनीतल्या एकीने तर तोंडावर विचारलं, "आता बारीक होऊन कुणाला दाखवायचंय?" मी हसले, पण त्या रविवारी पाय दगडासारखे झाले होते.

त्याच सुमाराची गोष्ट. औसा रोडला एका फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथल्या मावशींकडे पाणी प्यायला मी थांबायची. एकदा मी धापा टाकत पोचले, तर त्या सहज म्हणाल्या, "तुमची बहीण आत्ताच गेली की म्होरं. ती कधी थांबत न्हाई बगा."

मला बहीण नाही. भाऊ आहे, तो गावी असतो. मी विचारलं, कोण बहीण? तर म्हणाल्या तुमच्यासारखाच तोंडवळा, असाच पिवळा टी-शर्ट, पण पळणं लई हलकं. शेवटचं वाक्य मला जरा लागलं. आमच्या रनिंग ग्रुपमधली कुणी असेल म्हणून मी सोडून दिलं. ग्रुपवर विचारलं, तर त्या दिवशी त्या रस्त्याला कुणीच गेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तीस किलोमीटरचा रन होता. आमचे हे स्कूटी घेऊन पुढे एका पेट्रोल पंपावर पाणी, केळी घेऊन थांबणार होते. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहेत, माझ्याहून जास्त रोखठोक. मी पंपाच्या बऱ्याच अलीकडे गळाठले. पोटरीत गोळा आला आणि एका बाभळीखाली मी चक्क रडायला बसले. डोक्यातली बाई म्हणत होती, सांगितलं होतं ना. मी ह्यांना फोन केला, म्हटलं न्यायला या, माझ्याच्यानं होत नाही.

तर हे म्हणाले, "मस्करी करू नको. आत्ता तर तू इथून गेलीस."

ते आले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. माझ्या पोटरीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, परत माझ्याकडे. नंतर कळलं ते एवढंच की पंपासमोरून मी आरामात पळत गेले, त्यांनी हाक मारली, मी हात वर केला आणि थांबले नाही. त्यांना वाटलं लय लागलीय, कशाला अडवा. मग आम्ही दोघं स्कूटीवर पुढे चार-पाच किलोमीटर जाऊन आलो. सरळ रस्ता, दोन्हीकडे रान मोकळं. कुणीच नव्हतं.

घरी आल्यावर ते म्हणतील, पुरे कर हे... असं मला वाटलं होतं. त्यांनी वेगळंच केलं. पुढच्या रविवारी अख्ख्या रस्त्याने स्कूटी माझ्या मागे ठेवली. कुणी दिसलं नाही. पण मी पूर्ण अंतर पळाले. परत आल्यावर त्यांनी स्वतः चहा टाकला आणि क्लासच्या आमच्या सरांना फोन लावून सांगितलं की हिने आज तीस पूर्ण केले. इतक्या वर्षांत माझं कौतुक त्यांनी दुसऱ्याला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

नांदेडला शर्यतीच्या दिवशी ऊन लवकर चढलं. निम्म्यापर्यंत छान गेलं. नंतर गोदावरीच्या पुलावर तीच पोटरी, तोच गोळा. मी कठड्याला टेकून खाली बसले. एक स्वयंसेवक मुलगी स्प्रे मारत होती, म्हणत होती, मॅडम, गाडी बोलावू का? मागचे सगळे पुढे निघून चालले होते. किती वेळ बसले कुणास ठाऊक. डोक्यातल्या बाईने सगळं बोलून घेतलं. तिचं बोलून संपलं, तरी मला अजून पळायचंच होतं. मला कुणी हाक मारली नाही, काही दिसलं नाही. मी मुलीला म्हटलं, गाडी नको, फक्त हात दे. आणि उठले. चालले, मग हळूहळू पळाले. शेवटच्या वळणावर ह्यांची शिट्टी ऐकू आली तेव्हा मी हसत होते.

रेषा ओलांडली आणि एक अनोळखी बाई येऊन गळ्यातच पडली. बिलोलीजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहेत, त्यांचीही पहिलीच मॅरेथॉन. त्या मघाशीच पोचल्या होत्या, गळ्यात मेडल होतं. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नसता तर मी पुलाच्या पुढं सोडूनच देणार होते. तुम्ही वळून म्हणालात, चला ताई, थांबू नका, मी पुढंच आहे. मग तुमच्या टी-शर्टच्या पाठीवरचं 'लातूर' वाचत वाचत आले बघा." आणि मग गोंधळून, "पर तुम्ही तर माझ्या पुढं होता... आता मागून कशा आलात?"

त्या पुलाच्या पुढे होत्या तेव्हा मी पुलावर बसून होते. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

आठ दिवसांनी मेडल घेऊन आईकडे गेले. ती भावाजवळ असते, औसा तालुक्यात, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात. माझं पळणं तिला कधीच पसंत नव्हतं. मी सगळं सांगितलं, वाटलं अंगारा लावेल. ती कितीतरी वेळ मेडल हातात फिरवत बसली. मग जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते आणि गणपतीसाठी मामाकडे हदगावला गेले होते. आमच्या शेजारच्या चंद्रभागाकाकू त्या पहाटे दोन लेकरं घेऊन बाहेर पळाल्या आणि मागे घर बसलं. कारण कुणीतरी दार बडवलं होतं, काकू उठा म्हणून. काकू नंतर आईला धरून रडत होत्या — तुझी पोरगी कुठंय, तिनंच मला उठवलं, ती आत अडकली का? आई सांगून दमली की पोरगी हदगावला आहे. बाबांनी काकूंना विनवलं, हे कुणापाशी बोलू नका, पोरीला लोक नावं ठेवतील, उद्या लग्न करायचंय. काकू मरेपर्यंत बोलल्या नाहीत.

मी विचारलं, आई, मग ती कोण? आई म्हणाली, मला काय ठाव. मेडल माझ्या गळ्यात घातलं, पदराने पुसलं आणि म्हणाली,

"पळत राहा माय. आजून कुणाला तरी उठवायचं राहिलं आसंल."

मंडळी, मी जीवशास्त्राची बाई आहे. भरपूर वाचलं, एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीशीही बोलले. माझ्या मेंदूने मला फसवलं असतं तर समजावता आलं असतं. पण चहावाल्या मावशी, माझा नवरा, बिलोलीच्या ताई आणि चंद्रभागाकाकू, यातलं कुणीच कुणाशी कधी बोललेलं नव्हतं. पुढे जाते ती कोण, मला माहीत नाही. पण त्या दिवशी पुलावरून उठले ती मी होते, एवढं मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.